‘पडलं’ म्हणून आलेलं मूल: कॅज्युअल्टीत मारहाण आणि हेळसांड कशी ओळखाल

मारहाण झालेलं लहान मूल दवाखान्यात ‘मारलं’ म्हणून येत नाही. ते ‘पडलं’, ‘झोळीतून खाली आलं’, ‘सकाळपासून दूध ओढत नाही’ किंवा ‘झटका आला’ म्हणून येतं. बाहेर रांग असते. टाका घातला, बँडेज बांधलं, पाच दिवसांनी दाखवा म्हटलं की केसपेपर मिटतो. पुढच्या वेळी तेच मूल बेशुद्ध येतं. पहिल्या वेळची ती लहानशी खूण ओळखता यावी यासाठी जगभरात काही साधी साधनं तयार झाली आहेत. ती आपल्या कॅज्युअल्टीत, ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कशी वापरायची, हे इथे निवासी डॉक्टर, वैद्यकीय अधिकारी आणि सिस्टर यांच्यासाठी मांडलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. यातलं कुठलंच साधन ‘मारहाण झाली’ असं निदान करत नाही. थांबायला कुठे हवं आणि पुढे काय तपासायला हवं, एवढंच ते सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि पालकाला सरसकट विचारत सुटा असं म्हणत नाहीत. लक्षणं दिसली की ही शक्यता मनात आणा, असं त्या सांगतात. गुन्हा सिद्ध करणं हे तुमचं काम नाही. शंका रास्त आहे का ते बघणं, ती नीट लिहिणं आणि कळवणं हे मात्र तुमचंच काम आहे.

पहिलं साधन: सगळे कपडे उतरवणं

फॉर्म कितीही चांगला असला तरी मुलाचे कपडे काढले नाहीत तर तो कोरा आहे. टोपडं, मोजे, लंगोट, दुपटं सगळं काढा. एका वेळी एकच भाग उघडा, मूल गार पडू देऊ नका, आणि मोठ्या मुलाला आधी सांगून, विचारून तपासा. नेहमी वगळल्या जाणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: कानाच्या मागची बाजू, टाळूभोवतीची केसांतली त्वचा, हनुवटीखाली मान, काखा, कुल्ले, तळपाय, आणि वरचा ओठ उचलून दिसणारा ओठ-हिरडीमधला पडदा. बाटली किंवा चमचा जबरदस्तीने तोंडात कोंबला की तो पडदा फाटतो. तान्ह्या बाळाच्या तोंडातून थोडं रक्त आलं एवढीच तक्रार असली तरी ओठ उचलून बघा.

सावळ्या कातडीवर काळं-निळं लवकर दिसत नाही. ट्यूबलाइटपेक्षा खिडकीजवळच्या उजेडात बघा, हाताने चाचपून दुखतं का, सूज आहे का ते पाहा, आणि शंका असेल तर २४ ते ४८ तासांनी तीच जागा पुन्हा बघा. मुका मार बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उमटतो.

सहा प्रश्न

नेदरलँड्समधल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांसाठी तयार झालेला ‘एस्केप’ फॉर्म अवघ्या सहा प्रश्नांचा आहे. ते प्रश्न आपल्या भाषेत असे:

१. हकीकत एकसारखी आहे का, की माणसागणिक आणि वेळेगणिक बदलते?
२. दवाखान्यात आणायला विनाकारण उशीर झाला का?
३. मुलाच्या वयाला आणि वाढीला ही इजा शोभते का?
४. मूल आणि पालक यांचं वागणं, एकमेकांशी असलेला वावर ठीक वाटतो का?
५. डोक्यापासून पायापर्यंतच्या तपासणीत जे दिसलं ते हकीकतीशी जुळतं का?
६. मूल किंवा घरातली इतर माणसं सुरक्षित नाहीत असं वाटायला लावणारं आणखी काही आहे का?

एकाही उत्तराने शंका आली तर वरिष्ठांना बोलवायचं. एवढाच नियम. सिस्टरने पहिले चार प्रश्न टाके-इंजेक्शनच्या आधीच भरावेत, पाचवा डॉक्टरने तपासणीनंतर. घाईच्या वेळी सहाही खुणा एकदम करून टाकण्याची सवय लागते आणि मग फॉर्म निरुपयोगी होतो. म्हणून पाचव्या प्रश्नाशेजारी ‘कपडे काढून तपासलं: हो / नाही’ असा वेगळा चौकोन छापून घ्या. फॉर्ममध्ये शंकेची खूण झालेल्या मुलांपैकी बहुतेकांच्या बाबतीत शेवटी साधंच कारण निघतं, हे पालकांशी बोलताना विसरू नका.

फॉर्म सगळ्यांसाठी सारखाच भरायचा. नाहीतर वस्तीतून आलेल्या मजुराच्या मुलाबद्दल शंका घेतली जाते आणि गाडीतून उतरलेल्या कुटुंबाचं मूल तशाच जखमेसह घरी जातं. छापील कागदाचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथेच वाटतो.

दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडे जपून लावा. पाड्यावरून शेवटची एसटी गेली, त्या दिवशीचा रोज बुडणार होता, आधी गावातल्या डॉक्टरकडे नेलं होतं, ही खरी कारणं आहेत. उशीर किती तासांचा यापेक्षा मुलाला दुखतंय हे उघड दिसत असताना कुणीच काही केलं नाही का, हे महत्त्वाचं.

तिसऱ्या प्रश्नासाठी वाढीचे टप्पे तोंडपाठ हवेत. साधारण चार ते सहा महिन्यांत मूल पालथं पडायला लागतं, सहा ते आठ महिन्यांत बसतं, नवव्या महिन्याच्या सुमारास रांगतं, दहाव्याच्या आसपास धरून उभं राहतं, वर्ष ते सव्वा वर्षात चालतं. दोन महिन्यांचं बाळ ‘लोळत जाऊन कॉटवरून पडलं’ ही हकीकत म्हणून खटकायला हवी. जे मूल अजून धरून उभंही राहत नाही, त्याच्या अंगावर काळं-निळं आणि त्याच्या मांडीचं हाड मोडणं, या दोन्ही गोष्टींना स्पष्टीकरण हवंच.

झोळीतून पडण्याचे अपघात आपल्याकडे खरोखर होतात, म्हणून तपशील विचारा. झोळी जमिनीपासून किती उंच होती? गाठ सुटली की साडी फाटली? खाली शहाबादी फरशी होती की सारवलेली जमीन? बाळ कुठल्या अंगावर पडलं? लगेच रडलं का? आधी कुणी पाहिलं? अशा पडण्याने डोक्याला टेंगूळ येऊ शकतं, कवटीला सरळ रेघेसारखी चीरही जाऊ शकते. पण एकाच पडण्याने दोन्ही कानांवर वळ, पाठीकडच्या बरगड्या मोडणं किंवा डोळ्यांच्या पडद्यावर सर्वदूर रक्तस्राव होत नाही.

विचारताना दोन्ही पालकांना वेगवेगळं बसवा आणि प्रश्न मोकळा ठेवा: ‘ताई, बाळ शेवटचं एकदम ठीक कधी होतं? त्यानंतर काय काय झालं, पहिल्यापासून सांगा.’ ‘तुम्ही मारलंत का?’ हा प्रश्न दार बंद करतो. बोलणारं मूल असेल तर एकदाच, शांतपणे, घरच्यांच्या नजरेआड विचारा: ‘बाळा, हे कसं झालं, सांगशील मला?’ ‘बाबांनी मारलं ना?’ असं विचारलंत तर पुढे कोर्टात ते उत्तर टिकत नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, अवतरणात लिहा.

डाग कुठे आहेत: टेन-फोर-फेसेस-पी

चार वर्षांखालच्या मुलाच्या अंगावर काळं-निळं दिसलं तर हा नियम लावायचा. अमेरिकेत मेरी क्लाइड पिअर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचं पहिलं रूप मांडलं आणि २०२१ मध्ये पाच बालरुग्णालयांतल्या मुलांवर तपासून सुधारलं. नाव इंग्रजी अद्याक्षरांवरून आलं आहे. लक्षात ठेवायच्या जागा अशा: धड (छाती, पोट, पाठ, कुल्ले, जननेंद्रियं), कान, मान, ओठ-हिरडीमधला पडदा, जबड्याचा कोन, गालाचा मांसल भाग, पापण्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागातलं रक्त, आणि कुठेही असलेला ठसा उमटल्यासारखा डाग. यातला ‘चार’ हा आकडा वयाचा आहे: चार महिने किंवा त्याहून लहान बाळाच्या अंगावर कुठेही, कितीही लहान काळं-निळं असलं तरी ती धोक्याची खूण. त्या अभ्यासात या नियमाने मारहाणीची सुमारे ९५ टक्के प्रकरणं पकडली आणि अपघाताने लागलेल्यांपैकी सुमारे ८७ टक्के बरोबर बाजूला काढली.

चालत्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कपाळ, हनुवटी यांवर डाग असतातच. तिथे हाडं वर असतात आणि पडताना तीच आधी टेकतात. कान, मान, गालाचा मऊ भाग पडताना सहसा लागत नाही.

ठशाचे आकार ओळखायला शिका. चपराकीचे वळ म्हणजे बोटांच्या कडांच्या समांतर रेषा, मधे मोकळी कातडी. दुमडलेल्या वायरचा फटका लांबट यू आकाराचा. पट्ट्याची रुंदी सगळीकडे सारखी, टोकाला कधी बकलचा ठसा. चाव्यात दोन अर्धवर्तुळं दिसतात. दोन सुळ्यांमधलं अंतर ३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर चावणारा बहुधा मोठा माणूस. चावा ताजा असेल तर धुण्याआधी लाळेसाठी आधी ओल्या आणि मग कोरड्या कापसाच्या काडीने नमुना घ्या.

डागाच्या रंगावरून दिवस मोजू नका. ‘पिवळा म्हणजे पाच दिवसांपूर्वीचा’ हे वर्षानुवर्षं लिहिलं जातं, पण ते विश्वासार्ह नाही आणि उलटतपासणीत अख्खा अहवाल त्यावर कोसळतो. रंग लिहा, वय लिहू नका.

जे मारहाणीसारखं दिसतं पण नसतं

आपल्या बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतः निळसर-करडे डाग असणं अगदी नेहमीचं आहे. ते दुखत नाहीत, सुजत नाहीत आणि आठ-दहा दिवसांत बदलत नाहीत. काळं-निळं मात्र बदलतं. जन्माच्या वेळीच माता-बाल संरक्षण कार्डावर त्यांची नोंद केली तर पुढचा घोळ टळतो. करदोटा घट्ट झाल्यावर कमरेभोवती गोल वळ उठतो. बिब्बा लावल्यावर फोड आणि काळसर पट्टे उमटतात, ओघळ आलेल्या जागी तर हुबेहूब भाजल्यासारखे. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट कमी झाल्याने, किंवा रक्त न गोठण्याच्या आजारात, डाग सहज पडतात. कुल्ले आणि पायांवर उठावदार जांभळे ठिपके, सोबत सांधे आणि पोट दुखणं, हे रक्तवाहिन्यांच्या सुजेचं असू शकतं. म्हणून शंकास्पद डाग असलेल्या प्रत्येक मुलाला पूर्ण हिमोग्राम, प्लेटलेट, आणि पीटी व एपीटीटी या रक्त गोठण्याच्या चाचण्या एवढं तरी कराच. आजार सापडला म्हणजे मारहाण झाली नाही असंही नाही; दोन्ही एकत्र असू शकतात.

भाजल्याच्या खुणांत हात-पाय गरम पाण्यात धरल्याचा नमुना ठळक असतो: मोज्यासारखी सरळ सीमारेषा, सगळीकडे सारखी खोली, शिंतोडे नाहीत. सांडलेला चहा वरून खाली ओघळतो, कडा वेड्यावाकड्या असतात आणि खाली जाताना खोली कमी होते. सिगारेट-बिडीचा चटका गोल, साधारण ८ ते १० मिमीचा, मधे खोलगट असतो. पिकलेल्या पुळ्या तशाच दिसतात, पण त्या वरवरच्या, वेगवेगळ्या आकाराच्या असतात.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. त्यामागे बाळाला बरं करण्याचा हेतू असतो, तरी ती इजाच आहे. नोंद करा, वरिष्ठांना कळवा, पण आजीवर ओरडू नका. ओरडलेलं घर पुढचं बाळ दवाखान्यात आणत नाही. आणि चटक्यांत अडकून मूळ आजार विसरू नका. बाळाचं पोट जोरात उडत असतं ते बऱ्याचदा न्यूमोनियामुळे.

शंका आली की कोणत्या तपासण्या

दोन वर्षांखालच्या मुलात शारीरिक मारहाणीची शंका असेल तर सगळ्या हाडांचे एक्स-रे काढायचे. एका फिल्मवर अख्खं बाळ काढून भागत नाही; बरगड्यांच्या मागच्या भागातल्या आणि हाडांच्या टोकांच्या बारीक चिरा त्यात दिसतच नाहीत. कवटी समोरून आणि बाजूने, छाती समोरून आणि दोन्ही तिरक्या बाजूंनी, कणा बाजूने, पोट-कटी, आणि हात, पाय, पंजे, पावलं वेगवेगळी, असा संच मागा. ताजी चीर पहिल्या दिवशी लपू शकते, म्हणून ११ ते १४ दिवसांनी पुन्हा. केसपेपरवर त्या फेरीची तारीख त्याच दिवशी टाका. बहुतेक ठिकाणी हीच दुसरी फेरी राहून जाते.

मुडदूस आपल्याकडे भरपूर आहे. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व आणि पॅराथॉर्मोन तपासा. पण ड जीवनसत्त्व कमी आलं एवढ्यावर मोडलेल्या हाडाचं खापर फोडू नका. एक्स-रेमध्ये मुडदुसाच्या खुणा दिसायला हव्यात. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असेल किंवा घरात इतरांची हाडं सहज मोडत असतील तर ठिसूळ हाडांच्या आनुवंशिक आजाराचा विचार करा.

एक वर्षाखालच्या मुलाला, ते वरवर हुशार दिसत असलं तरी, डोक्याचा सीटी स्कॅन. मेंदूभोवती रक्त दिसलं तर नेत्रतज्ज्ञाकडून बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, शक्यतो २४ तासांत आणि फार तर ७२ तासांत. टाळू भरलेली, उलट्या, जुलाब मात्र नाहीत, असं बाळ ‘गॅस्ट्रो’ म्हणून सलाइनवर ठेवलं जातं; तिथे डोक्याचा घेर मोजा.

पोटावर डाग नसला तरी आत इजा असू शकते. एएसटी किंवा एएलटी (यकृताची एन्झाइम्स) ८० च्या वर असेल तर पोटाचा सीटी विचारात घ्या. ही एन्झाइम्स एक-दोन दिवसांत उतरतात, म्हणून रक्त आल्या आल्या घ्या. जुळं भावंड किंवा दोन वर्षांखालचं दुसरं मूल घरात असेल तर त्याचीही अशीच तपासणी करा.

लिहिणं आणि फोटो

‘गालावर मार’ हे पुरेसं नाही. असं लिहा: ‘डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून २ सेंमी पुढे, तीन समांतर लालसर-जांभळे वळ, प्रत्येकी अंदाजे ४ × ०.५ सेंमी, दाबल्यावर रंग जात नाही. आईचं म्हणणं: कॉटवरून पडला. ही जखम सांगितलेल्या कारणाशी जुळत नाही.’ शेवटचं वाक्य लिहायला हात आखडतो, पण पोलीस आणि बाल कल्याण समिती वाचतात ते नेमकं तेच. सोबत शरीराच्या आकृतीवर खुणा करा.

प्रत्येक जखमेचे तीन फोटो: लांबून जागा कळेल असा, मधल्या अंतरावरून, आणि जवळून, शेजारी सेंमीची पट्टी ठेवून, कॅमेरा जखमेशी काटकोनात. एका फोटोत एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी असू द्या. स्वतःच्या मोबाइलवर काढून वॉर्डच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं कटाक्षाने टाळा; मुलाची ओळख उघड होणं हाही गुन्हा ठरू शकतो.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर

इथे नियम वेगळे आणि कडक आहेत. उपचार आणि तपासणीसाठी पोलिसांच्या पत्राची वाट बघायची नाही. पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम २७ नुसार गुन्हा नोंदला नसला तरी तपासणी करता येते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, मुलाच्या किंवा मुलीच्या विश्वासातल्या व्यक्तीसमोर. दोन बोटांची चाचणी कधीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणं गैरवर्तन ठरवलं आहे. बहुतेक मुलांची तपासणी पूर्णपणे सामान्य निघते, म्हणून ‘जखम नाही, म्हणजे काही झालं नाही’ असा निष्कर्ष लिहू नका. ९६ तासांच्या आत आलेल्या मुलाचे नमुने घ्या, त्या वेळचे कपडे कागदी पाकिटात ठेवा; प्लास्टिकमध्ये बुरशी येते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला हवीत.

हेळसांड की गरिबी

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त चुकणारं. औषधोपचारात हेळसांड म्हणायला चार गोष्टी एकत्र हव्यात: उपचार न मिळाल्याने मुलाला इजा झाली किंवा होणार आहे, त्या उपचाराचा फायदा स्पष्ट आहे, तो त्या कुटुंबाच्या आवाक्यात आहे, आणि पालकांना तो समजेल अशा भाषेत सांगितला गेला होता. यातली तिसरी आणि चौथी गोष्ट आपल्याच यंत्रणेची परीक्षा असते. रेशनकार्ड आहे का, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ऊसतोडीला गेल्याने फेऱ्या चुकल्या का, हे विचारल्याशिवाय पालकांना दोष देऊ नका.

वजन-उंची वाढीच्या तक्त्यावर मांडा. सहा महिने ते पाच वर्षांत दंडघेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण. पोषण पुनर्वसन केंद्रात आईच्या हातूनच खाऊन वजन भराभर वाढलं, तर घरी अन्न का पोहोचत नाही याचा शोध घ्या. आईला मारहाण होते का, ती खचली आहे का, हेही तिला एकटीला विचारा. मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांतली ‘दिलासा’ केंद्रं आणि जिल्ह्यांतली सखी वन स्टॉप सेंटर अशा आयांसाठीच आहेत.

कळवणं

लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद. प्रामाणिकपणे कळवलं आणि शंका चुकीची निघाली तर तुमच्यावर कारवाई होत नाही. शारीरिक मारहाण आणि हेळसांडीत एमएलसी नोंदवा. बाल न्याय कायद्याच्या कलम ३१ नुसार डॉक्टर आणि नर्सही मुलाला बाल कल्याण समितीपुढे आणू शकतात, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते. नंबर, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा फोन आणि समितीचा पत्ता कॅज्युअल्टीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. रात्री दोन वाजता शोधायला वेळ नसतो.

पालक मुलाला घेऊन निघून जातील अशी भीती असेल तर आधी ‘तपासण्यांसाठी’ भरती करा, कळवा, आणि मगच बोला. बोलताना सूर चढवू नका: ‘ताई, बाळाच्या अंगावरच्या खुणा आणि तुम्ही सांगितलेली हकीकत यांचा मला मेळ बसत नाही. असं झालं की प्रत्येक मुलासाठी आम्ही ठरलेल्या तपासण्या करतो आणि कळवतो, कायद्याने ते आम्हाला करावंच लागतं.’ मूल कुणाच्या ताब्यात जाणार, त्या घरात कोण राहतं आणि पुढची तपासणी कधी, हे समिती व समाजसेवा अधीक्षकांशी बोलून डिस्चार्ज कार्डावर लिहिल्याशिवाय सुट्टी देऊ नका. ठरलेल्या तारखेला मूल आलं नाही, तर त्याच संध्याकाळी १०९८ ला आणि भागातल्या आशाताईंना फोन करा.